गरम झाल्यावर सुरू न होणारी जुनी गाडी: दोष कसा शोधाल?

सकाळी एका सेल्फमध्ये सुरू होणारी गाडी वाटेत दहा-पंधरा मिनिटं थांबवली की पुन्हा सुरू होत नाही. तासाभराने मात्र ठणठणीत. कार्ब्युरेटरच्या पद्मिनी किंवा जुन्या मारुती ८०० चे मालक हे दुखणं ओळखतात. इंजिन बंद केल्यावर वारा आणि पाण्याचा फेरा दोन्ही थांबतात, त्यामुळे बोनेटखालची उष्णता काही वेळ उलट वाढते. गॅरेजमध्ये पोहोचेपर्यंत गाडी गार झालेली असते, दोष सापडत नाही आणि मग अंदाजाने एकेक पार्ट बदलला जातो. म्हणून कळकळीने सांगतो, गाडी अडली की तिथेच, गरम असतानाच तपासा. डिकीत जादा प्लग, मल्टिमीटर, फडकं आणि पाण्याची बाटली ठेवा.

आधी सेल्फ ऐका. नुसता ‘टक’ आवाज येत असेल तर पेट्रोल-करंटच्या (करंट म्हणजे प्लगची ठिणगी) मागे लागू नका. बॅटरीचे टर्मिनल आणि इंजिनाची अर्थिंग पट्टी घट्ट, स्वच्छ आहे का बघा. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून, हँडब्रेक ओढून कोणाला तरी किल्ली फिरवायला सांगा आणि सेल्फच्या बारीक वायरवर व्होल्टेज मोजा. जवळजवळ बॅटरीइतकं मिळूनही सेल्फ फिरत नसेल तर सेल्फ उतरवावा लागेल. फारच कमी मिळालं तर दोष किल्लीच्या स्विचमध्ये किंवा वायरिंगमध्ये.

सेल्फ फिरतोय, पण इंजिन पकडत नाही? मग करंट बघा. पेट्रोलचा वास येत असेल तर ही चाचणी करू नका. जादा प्लग वायरला लावून इंजिनच्या धातूला टेकवा, हातात धरू नका. निळी, कडक ठिणगी पडली तर करंट ठीक. पिवळी, मरगळलेली पडली किंवा पडलीच नाही, तर दोष कॉईलमध्ये (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारा भाग) किंवा कंडेन्सरमध्ये (डिस्ट्रिब्युटरजवळचा छोटा डबीसारखा भाग). साध्या १२ व्होल्टच्या कॉईलच्या दोन बारीक टर्मिनलमध्ये साधारण ३ ओहम येतात (कॉईलला बॅलास्ट, म्हणजे बाहेरून जोडलेला रेझिस्टर, असेल तर निम्मे). वायर काढून मोजा. गरम असताना मीटर जोडणीच नसल्यासारखं (शून्य नव्हे, ‘OL’) दाखवत असेल तर आतली तार तुटलेली आहे. गार झाली की तीच तार पुन्हा टेकते. रीडिंग बरोबर असूनही करंट नसेल, तर आधी कंडेन्सर बदला; तो स्वस्त असतो.

करंट आहे, मग पेट्रोल. एअर फिल्टरचं झाकण काढा, किल्ली बंद ठेवून कार्ब्युरेटरच्या तोंडात बघत हाताने थ्रॉटल ओढा. बारीक धार दिसायला हवी. सेल्फ मारत असताना तिथे तोंड नेऊ नका, भडका येऊ शकतो. आत ओलं आणि उग्र वास असेल तर गाडी ओव्हर झाली आहे, म्हणजे पेट्रोल जास्त झालं आहे. अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा, पंप करू नका, आणि सेल्फ मारा. काळा धूर सोडत सुरू झाली तर फ्लोटची सुई (कार्ब्युरेटरमध्ये येणारं पेट्रोल अडवणारी) तपासून घ्या. धारच नसेल तर गाडीच्या पेट्रोल पंपावर आणि नळीवर ओलं फडकं गुंडाळा. काही मिनिटांत सुरू झाली तर एअर लॉक (उष्णतेने पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा अडणं) समजा. नळी सायलेन्सरजवळून जाते का, पंपाखालचा उष्णतारोधक ठोकळा शाबूत आहे का, ते बघा.

एमपीएफआय गाडीत (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल देणाऱ्या) किल्ली ऑन केल्यावर पंपाचा क्षणभर गुणगुणाट ऐकू येतो का ते पाहा. तो येतोय, पण करंट नाही आणि सेल्फ मारताना आरपीएमचा काटा अजिबात हलत नाही, तर पहिला संशय क्रँक सेन्सरवर (इंजिन फिरतंय हे कॉम्प्युटरला कळवणारा सेन्सर) घ्या. स्कॅनरमध्ये त्याचा कोड दरवेळी सापडेलच असं नाही.