करिअरचा निर्णय घेताना आकडे कसे वाचावेत आणि कसे जमवावेत

न्हावाशेव्याच्या बंदरावर चालणाऱ्या मालवाहतुकीच्या कामात शिरावे की ऐरोली-महापे पट्ट्यातल्या आयटी कंपन्यांची वाट धरावी, असा प्रश्न नवी मुंबईतल्या अनेक पदवीधरांना पडतो. ‘कोणत्या क्षेत्राला स्कोप आहे’ हे शोधत बसण्याआधी आपला निर्णय एका वाक्यात कागदावर लिहावा आणि कोणती माहिती हाती आल्यास तो बदलेल, हेही त्याखाली लिहावे. ज्या माहितीने काहीच बदलणार नाही, ती जमवण्यात वेळ घालवू नये.

सुरुवात तयार सरकारी आकडेवारीपासून करावी. केंद्राच्या सांख्यिकी मंत्रालयाचे आवधिक श्रमबल सर्वेक्षण २०१७ पासून सुरू असून त्याचे अहवाल मोफत मिळतात. मात्र तक्त्याआधी व्याख्या वाचावी. ‘चालू साप्ताहिक स्थिती’ या मोजणीत मागील सात दिवसांत एखाद्या दिवशी किमान एक तास काम केलेली व्यक्तीही रोजगारात धरली जाते; त्यामुळे बेरोजगारीचा दर कमी दिसला, तरी नोकऱ्या पोटापुरत्या आहेत की नाहीत, हे त्यावरून कळत नाही.

आपल्या भागात जिल्ह्याची हद्दही तपासावी लागते. वाशी, नेरुळ, ऐरोली ठाणे जिल्ह्यात, तर खारघर, पनवेल आणि न्हावाशेवा रायगड जिल्ह्यात मोडतात, म्हणजे ‘नवी मुंबई’ सरकारी तक्त्यांत दोन ठिकाणी विभागलेली असते. शिवाय पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी वेगळा झाल्यामुळे २०११ च्या जनगणनेतला ठाणे जिल्हा आजच्यापेक्षा बराच मोठा आहे.

महाविद्यालयांच्या बाबतीत एनआयआरएफ या केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाच्या क्रमवारीसाठी संस्थांनी दिलेली माहिती पाहावी. तिच्यात नोकरी मिळालेल्या विद्यार्थ्यांची संख्या आणि त्यांच्या पगाराचा मध्यक, म्हणजे पगार चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, असतो. ही माहिती संस्थांनी स्वतःच दिलेली असते, हे विसरू नये.

सरासरीऐवजी मध्यक का पाहावा, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. पाच जणांचे मासिक पगार १८, २०, २२, २५ आणि ११५ हजार रुपये असतील, तर सरासरी ४० हजार येते, पण तेवढा पगार त्यांपैकी कोणालाच मिळत नाही. मध्यक २२ हजार आहे. जाहिरातीत झळकते ती बहुधा सरासरी, नाहीतर थेट सर्वांत मोठे पॅकेज.

यानंतर स्वतःचे छोटे सर्वेक्षण करावे, आणि खरी मेहनत इथेच आहे. व्हॉट्सॲप ग्रुपवर गूगल फॉर्म टाकला की उत्तरे येतात ती मुख्यतः त्या कामात टिकलेल्यांची. जे दोन वर्षांत सोडून गेले, त्यांना मुद्दाम शोधून फोन करावा. त्यांची पाच उत्तरे इतरांच्या पन्नासांइतकी उपयोगी पडतात. प्रश्न मताचे न ठेवता घडलेल्या गोष्टींचे ठेवावेत. ‘काम आवडते का?’ याऐवजी ‘गेल्या महिन्यात किती रविवार कामावर गेलात?’, ‘घरातून निघाल्यापासून टेबलावर बसेपर्यंत किती वेळ लागतो?’ असे विचारावे. पगार विचारताना सीटीसी (कंपनी कर्मचाऱ्यावर करत असलेला एकूण खर्च) नको, पीएफ वगैरे कापून हातात येणारी रक्कम विचारावी, तीही ‘१५ ते २० हजार’ अशा टप्प्यांत. नेमका आकडा सांगायला आपल्याकडे सख्खा मावसभाऊही कचरतो. नाव आणि मोबाइल नंबर मागू नये.

अशा उत्तरांची टक्केवारी काढू नये. यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे, निवडलेल्या १०० जणांच्या पाहणीतही निष्कर्ष साधारण १० टक्के-अंकांनी इकडे-तिकडे होऊ शकतो, आणि आपले प्रतिसाददाते तर ओळखीतून आलेले असतात. ‘विसांपैकी बारा जणांना रात्रपाळी आहे’ असे सरळ लिहावे. सरकारी आकडा आणि आपली उत्तरे जुळत नसतील, तर दोन्हींचा काळ, भाग आणि प्रश्नाचे शब्द शेजारी मांडून पाहावेत. त्या तिन्हींतही फरक नसेल, तेव्हाच आणखी चार जणांना फोन लावावा.