टॉर्क कन्व्हर्टर घेताना आधी स्टॉल स्पीड बघा

टॉर्क कन्व्हर्टर म्हणजे ऑटोमॅटिक गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स ऑइलमधून जोडणारा भाग. गाडी ब्रेकवर धरून पूर्ण अॅक्सिलरेटर दिला की इंजिन ज्या आरपीएमपर्यंत चढून अडतं, तो त्याचा स्टॉल स्पीड. मोठा कॅम (इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) टाकला की इंजिनाचा जोर वरच्या आरपीएमला सरकतो आणि मूळ कन्व्हर्टरवर गाडी सिग्नलवरून मरगळल्यासारखी निघते. मग लोक थेट ४००० स्टॉलचा कन्व्हर्टर बसवतात. घाई करू नका. कॅमच्या माहितीपत्रकात तो कोणत्या आरपीएमला जोर देतो, तो पल्ला दिलेला असतो. समजा तो २२०० पासून सुरू होतो, तर २६००-२८०० चा स्टॉल रोजच्या गाडीला पुरतो.

डब्यावरचा आकडा मात्र पक्का नसतो. तोच कन्व्हर्टर जास्त टॉर्कच्या इंजिनामागे वर स्टॉल होतो, कमी टॉर्कच्या इंजिनामागे खाली. म्हणून विक्रेत्याला टॉर्क, गाडीचं वजन, डिफरन्शियलचा रेशो (चाकांकडच्या शेवटच्या गिअरचं प्रमाण) आणि टायरचा व्यास, सगळं सांगा. हायवेवर इंजिन स्टॉलच्या खालीच फिरत राहिलं आणि लॉक-अप (इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणारा कन्व्हर्टरमधला क्लच) नसेल, तर कन्व्हर्टर घसरत राहतो, गिअरबॉक्सचं ऑइल तापतं. वेगळा ऑइल कूलर लावाच.

बसवताना कन्व्हर्टरमध्ये थोडं ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचंच ऑइल ओता आणि तो फिरवत गिअरबॉक्समध्ये ढकला. खट्, खट् करत तो टप्प्याटप्प्याने बसतो. शेवटचा खट् राहिला आणि बोल्ट आवळले, की गिअरबॉक्सचा ऑइल पंप गेलाच म्हणून समजा.