वर्गणी वेगळी, दान वेगळं: पगाराचा हिशोब कसा लावायचा

आधी एक महिना नुसतं लिहा. ॲप-बिप काही नको, व्हॉट्सॲपवर स्वतःलाच मेसेज टाकत जायचं, "दूध ६०, रिक्षा ४०, भजी ३०" असं, आणि या महिन्यात काटकसर अजिबात करायची नाही, नाहीतर खरा खर्च कळतच नाही.

मग पगाराच्या दिवशीच बचत बाजूला काढा, उरलं तर टाकू म्हणाल तर काय उरत नसतंय बघा. पोस्टात आरडी, म्हणजे दर महिन्याला ठरलेली रक्कम भरायचं खातं, महिना १०० रुपयांपासून निघते, ५ वर्षांची. कारखान्यात आठवड्याला पगार होत असेल तर महिन्याच्या बजेटच्या नादी लागू नका, भाडं, लाईट बिल, पोरांची फी सगळ्याचे चार तुकडे करा आणि दर आठवड्याला तेवढे उचलून ठेवा.

आता मेन मुद्दा. आपल्याकडं वर्गणीला तोटा नाही, गणपती, नवरात्र, शिवजयंती, भीमजयंती, त्यात आषाढीला पंढरपूरच्या वाटेवर कुणाचं तरी अन्नदान असतंच, आणि पोरं पावतीबुक घेऊन दारात उभी राहिली की नाही म्हणवत नाही. पण ही वर्गणी म्हणजे दान नव्हे हो, तो गल्लीत राहण्याचा खर्च आहे! तो घरखर्चातच धरा. मागच्या वर्षीच्या पावत्या काढा, बेरीज करा, १२ नं भागा, तेवढे दर महिन्याला डब्यात. संक्रांतीच्या गड्ड्याचंही (सोलापूरची सिद्धेश्वर यात्रा) तसंच, पाळणे, खेळणी, खाणं, सगळं जानेवारीच्या पगारावर ढकललं की फेब्रुवारीत उधारी ठरलेली.

दान त्याच्या वेगळं. २५ हजार पगार असेल तर २ टक्के धरा, म्हणजे महिना ५०० आणि वर्षाला ६ हजार. शक्यतो वेगळ्या खात्यात ठेवा, आणि दहा जागी शंभर-शंभर वाटण्यापेक्षा एखाद-दोन ठिकाणीच नेमानं द्या. विडी वळणाऱ्या बाईच्या पोरीची वह्या-पुस्तकं, कुणाची दर महिन्याची बीपीची गोळी, असं काही डोळ्यासमोरचं असेल तर उत्तमच. मोबाईलवर आलेला क्यूआर कोड बघून रडू आलं तरी लगेच पैसे सोडू नका, एक रात्र जाऊ द्या, फोन करून खात्री करा.

घरात दवाखाना लागला तर त्या महिन्याचं दान खुशाल थांबवा, पण उसने काढून देणगी नको.

संस्थेला देत असाल तर ८०जी, म्हणजे देणगीवरची इन्कम टॅक्सची सूट, आहे का विचारा. ही सूट जुन्या टॅक्स रेजिममध्येच मिळते, नव्यात नाही, आणि २ हजारांच्या वर कॅश दिली तर जुन्यातही नाही, म्हणून यूपीआय नाहीतर चेकनंच द्या. पावती देताना पॅन नंबर लिहून घ्यायला सांगा आणि नंतर त्यांच्याकडून १०बीई सर्टिफिकेट, म्हणजे देणगीचा दाखला, मागून घ्या, ते रिटर्न भरायच्या आधी हातात पाहिजे.