पुण्याहून परराज्यात गाडी पाठवताना भाडं कशावर ठरतं

बदली झाली, घरसामान पॅकर्सकडे सोपवलं आणि गाडीची चौकशी सुरू केली, की एकाच गाडीला, एकाच मार्गावर, तीन जण तीन वेगळी भाडी सांगतात. त्यात दरवेळी लबाडीच असते असं नाही. गाडी पाठवण्याचं भाडं किलोमीटरवर ठरतं हा समज आधी सोडून द्या. आपली गाडी ट्रेलरमधली किती जागा खाणार आणि तो ट्रेलर त्या बाजूला तसाही जाणारच होता का, या दोन गोष्टी भाड्याचा मोठा भाग ठरवतात.

परतीचा लोड

मानेसर-गुरुग्राम पट्ट्यातून मारुतीच्या आणि चेन्नईजवळच्या श्रीपेरुंबुदूरहून ह्युंदाईच्या नव्या गाड्या घेऊन ट्रेलर महाराष्ट्रात येतात. परतताना रिकामं जाऊ नये म्हणून मालक चाकणच्या कारखान्यांतल्या नव्या गाड्या भरतो, आणि उरलेल्या जागेत तुमची गाडी बसते. म्हणून पुणे-दिल्ली किंवा पुणे-चेन्नई हे लांबचे मार्ग किलोमीटरमागे स्वस्त पडतात. गुवाहाटीला किंवा श्रीनगरला पाठवायची असेल तर तिकडून परतीचा लोड मिळेल याची खात्री नसते, आणि त्या रिकाम्या फेरीचा भार तुमच्या भाड्यावर येतो. शिवाय अशा मार्गावर गाडी वाटेत एका ट्रेलरवरून दुसऱ्यावर चढवली जाते. प्रत्येक चढ-उतारीत ओरखड्याची शक्यता वाढते, म्हणून "गाडी मध्ये किती वेळा उतरणार?" हे बुकिंगआधी विचाराच.

आतल्या गावांचंही असंच आहे. परभणीला किंवा रत्नागिरीला एका गाडीसाठी मोठा ट्रेलर येणार नाही. दारातून उचलायला सांगितलं तर कंपनी फ्लॅटबेड (एक-दोन गाड्या नेणारा सपाट पाठीचा ट्रक) पाठवते किंवा ड्रायव्हर पाठवून गाडी यार्डापर्यंत चालवत नेते, आणि दोन्हींचे पैसे भाड्यात येतात. स्वतः चाकण किंवा भिवंडीच्या यार्डात गाडी नेऊन दिलीत आणि तिकडेही यार्डातूनच घेतलीत, तर दोन्ही टोकांचा हा खर्च वाचतो. पुण्याच्या पेठांत राहणाऱ्यांनी 'डोअर पिकअप'चा अर्थ नीट समजून घ्यावा. मोठा ट्रेलर त्या गल्ल्यांत शिरत नाही आणि शहरात अवजड वाहनांना दिवसा बंदी असते, म्हणजे तुमची गाडी कुणीतरी चालवत नेणार. त्या वेळी मीटरवरच्या किलोमीटरचा फोटो काढून ठेवा.

गाडीची लांबी, उंची आणि अवस्था

स्विफ्टची लांबी ३,८६० मिलिमीटर, इनोव्हा क्रिस्टाची ४,७३५. फरक जवळजवळ एक मीटरचा. दुमजली ट्रेलरवर एका रांगेत तीन-चार मोठ्या गाड्या आल्या की एका छोट्या गाडीची जागा गेलीच. उंच एसयूव्ही खालच्या मजल्यावर बसवायची तर वरचा मजला तेवढा उचलावा लागतो. छतावर कॅरियर असेल तर तो काढूनच द्या, नाहीतर लोडिंगच्या वेळी भाडं वाढवून मागतात किंवा गाडी पुढच्या ट्रेलरवर ढकलतात. कोटेशन मागताना नुसतं "कार आहे" असं सांगू नका. मॉडेल, वर्ष आणि नंतर बसवलेल्या वस्तू लिहून पाठवा.

गाडी चालू आहे की बंद, हे सगळ्यात आधी सांगायचं. बंद गाडी रॅम्पवर विंचने ओढावी लागते किंवा क्रेन बोलवावी लागते, आणि उतरवतानाही तोच खर्च पुन्हा. बऱ्याचदा बिघाड फक्त बॅटरीचा असतो. ट्रेलरवर आठ-दहा दिवस उभी राहिलेली जुनी बॅटरी उतरते, म्हणून कमकुवत बॅटरी आधीच बदललेली बरी.

उघडा ट्रेलर स्वस्त, बंद कंटेनर महाग. रोजच्या वापरातल्या हॅचबॅकला उघडा ट्रेलर पुरेसा आहे. धूळ बसेल, ती धुतली जाईल. नवी गाडी, महागडा रंग किंवा पावसाळ्यातला लांबचा प्रवास असेल तर कंटेनरचे जास्तीचे पैसे सार्थकी लागतात.

तारीख

मे-जून हा बदल्यांचा आणि शाळा बदलण्याचा काळ. दसरा-दिवाळीआधी आणि मार्चअखेरीस ट्रेलर नव्या गाड्यांनी भरलेले असतात. या दिवसांत एका ठरावीक तारखेचा हट्ट धरलात तर भाडं चढणारच. "१० ते १५ तारखेदरम्यान कधीही उचला" असं सांगणाऱ्याला चांगला दर मिळतो, कारण त्याची गाडी मालकाला रिकाम्या जागेत बसवता येते. थंडीत दिल्लीची हवा बिघडली की तिथे ट्रकच्या प्रवेशावर निर्बंध येतात आणि ट्रेलर सीमेवर अडकतो. त्या दिवसांत पोहोचण्याच्या तारखेवर विसंबून विमानाची तिकिटं काढू नका.

विमा: इथे सगळ्यात जास्त पैसे वाया जातात

कोटेशनमध्ये 'ट्रान्झिट इन्शुरन्स' म्हणून घोषित किमतीच्या दीड ते तीन टक्के लावलेले असतात. गाडीची किंमत ६ लाख धरली तर ९ ते १८ हजार. हा आकडा भाड्याच्या बरोबरीला येऊ शकतो, आणि अनेकदा या पैशांच्या बदल्यात मिळते ती मूव्हर्सच्याच लेटरहेडवरची पावती. ती विमा नव्हे. विमा कंपनीचं नाव, पॉलिसी क्रमांक आणि तुमच्या गाडीचा नोंदणी क्रमांक असलेलं प्रमाणपत्र गाडी हलण्याआधी हातात हवं.

त्याहून आधी स्वतःच्या गाडीची कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसी उघडा. तिच्या ओन डॅमेज (स्वतःच्या गाडीचं नुकसान) भागाच्या प्रमाणित मजकुरात रस्ता, रेल्वे आणि अंतर्गत जलमार्गाने नेताना झालेलं नुकसान धरलेलं असतं. म्हणजे मोठ्या अपघाताचं संरक्षण तुम्ही आधीच विकत घेतलेलं आहे. दावा केला तर नो क्लेम बोनस जातो आणि सक्तीची वजावट स्वतः भरावी लागते, त्यामुळे छोट्या ओरखड्यासाठी ती वापरणं परवडत नाही. पण फक्त थर्ड पार्टी पॉलिसी असेल तर यातलं काहीच मिळणार नाही. अशा वेळी वेगळा ट्रान्झिट विमा घ्यावाच.

"नुकसान झालं तर आम्ही भरून देऊ" या तोंडी शब्दाची किंमतही समजून घ्या. कॅरेज बाय रोड कायदा २००७ आणि त्याखालचे २०११ चे नियम यांनुसार, बिल्टीवर (वाहतूकदाराने दिलेल्या मालाच्या पावतीवर) जास्त किंमत आणि त्यासाठीचा जास्तीचा जोखीम-दर लिहिलेला नसेल, तर वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंत मर्यादित असते. भाडं १५ हजार असेल तर मर्यादा दीड लाख. गाडी ६ लाखांची.

कोटेशन वाचताना

तीन ठिकाणी एकच मजकूर पाठवा: दोन्ही पिनकोड, मॉडेल, चालू आहे की नाही, दारातून की यार्डातून, उघडा ट्रेलर की कंटेनर, तारखांची मुभा. उत्तर लेखी मागा आणि त्यात जीएसटी, टोल, लोडिंग-अनलोडिंग धरलंय का हे स्पष्ट लिहून घ्या. फोनवर फारच कमी सांगितलेलं भाडं बहुधा गाडी चढल्यावर वाढतं, आणि तेव्हा गाडी त्यांच्या ताब्यात असते. वाटेतून फोन करून कुणी जकात किंवा राज्याच्या सीमेवरचा चेकपोस्ट कर मागितला तर देऊ नका. २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर मुंबईची जकातही संपली. पूर्ण रक्कम आगाऊ देऊ नका, निम्मी तरी गाडी तपासून घेतल्यावर द्या. बिल्टी कुणाच्या नावाने फाडली आहे तेही पाहा. कोटेशन एकाचं आणि बिल्टी दुसऱ्याची असेल, तर मध्ये दलाल आहे आणि तक्रार नेमकी कुणाकडे करायची हे आताच ठरवून घ्यायला हवं.

बंगळुरूसाठी मात्र आधी हा हिशेब करा. पुण्याहून साधारण ८४० किलोमीटर. लिटरला १५ चं ॲव्हरेज आणि पेट्रोल १०५ रुपये धरलं तर सुमारे ५,९०० रुपयांचं इंधन, अधिक टोल. चालवणारा माणूस असेल तर ट्रेलर क्वचितच स्वस्त पडतो. दिल्लीच्या १,४५० किलोमीटरला तोच हिशेब १० हजारांच्या वर जातो, त्यात टोल आणि मुक्काम येतो. तिथे ट्रेलरचा विचार योग्य.

वाहतुकीपेक्षा मोठा खर्च आरटीओचा निघू शकतो. दुसऱ्या राज्यात गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर नवी नोंदणी आणि तिथला रोड टॅक्स आला. त्यासाठी फॉर्म २८ वरची एनओसी (ना हरकत प्रमाणपत्र) गाडी इथे असतानाच काढा. चॅसिस नंबरचा ठसा द्यावा लागतो आणि कर्ज असेल तर बँकेचीही संमती लागते. बीएच म्हणजे 'भारत' मालिकेचा क्रमांक असलेल्या गाडीला ही फेरनोंदणी लागत नाही.

देताना आणि घेताना

टाकीत पाव भागापेक्षा जास्त पेट्रोल नको. आत सामान भरू नका, त्याचा विमा नसतो आणि वजन वाढतं. काचेवरचा फास्टॅग फॉइलने झाका, नाहीतर उघड्या ट्रेलरवरून जाताना टोल नाक्यावर तुमच्याही खात्यातून पैसे कापले जाऊ शकतात. एकच किल्ली द्या. गाडी धुऊन दिवसाउजेडी चारही बाजू, छत, काचा, चाकं आणि स्पेअर टायरचे फोटो काढा, आणि आधीच असलेले ओरखडे त्यांच्या तपासणी-पत्रकावर ड्रायव्हरच्या सहीने नोंदवा. चाकांना पट्टे बांधलेत आणि पुढे-मागे अडसर लावलेत हे चढवताना बघा. पट्टा सस्पेन्शनच्या भागाला अडकवला असेल तर बदलायला लावा.

उतरवल्यावर धुळीखाली ओरखडे दिसत नाहीत. ओल्या फडक्याने पुसून बघा, आणि नुकसान असेल तर डिलिव्हरीच्या प्रतीवर ते लिहूनच सही करा. ड्रायव्हर घाई करेल, तरी लिहा. भरपाईसाठी पुढे दावा करायचा झाला तर वाहतूकदाराला लेखी नोटीस बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत गेलेली असावी लागते, आणि त्या नोटिशीला जोडायला बिल्टी, फोटो आणि ही शेरा मारलेली प्रत लागेल.