गाडीच्या टेम्परेचरचा काटा वर-खाली होत होता, दोष निघाला रेडिएटरच्या झाकणात

मुंबईहून येताना कसारा घाट चढायला लागलो की काटा पाऊण घरापर्यंत जायचा आणि मिनिटभरात आपोआप खाली. नाशिकमध्ये द्वारकाच्या सिग्नललाही तेच. आधी थर्मोस्टॅट (इंजिन तापलं की कूलंटची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) बदलला, मग सेन्सर, मग रेडिएटरच्या फॅनचा रिले (त्याचा स्विच). दोन महिने नुसती डोकेदुखी.

खरी खूण वेगळीच होती: काटा वर गेला की हीटरची हवा गार व्हायची आणि डॅशबोर्डमागे पाणी खळखळायचं. म्हणजे कूलंटमध्ये, इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्यात, हवा अडकलेली. रेडिएटरचं झाकण पाहिलं तर आतल्या रबराला केसाएवढी चीर. इंजिन निवताना रेडिएटरला जोडलेल्या बाटलीतलं कूलंट परत ओढलं जायच्या ऐवजी हवा आत येत होती.

केलं ते असं. रात्रभर गार झालेली गाडी चढावर, तोंड वर करून लावली. (इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, तोंड भाजेल.) हीटर फुल गरम, त्याचा पंखा एकवर. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं करून हळूहळू ओतलं, रेडिएटरचा वरचा होज (रबरी नळी) हाताने दाबत राहिलो, बुडबुडे थांबेपर्यंत. मग इंजिन चालू. थर्मोस्टॅट उघडल्यावर पातळी एकदम खाली गेली, तेवढं भरलं आणि लगेच नवं झाकण लावलं, जुन्यावर १.१ (झाकण किती दाब धरतं तो आकडा) छापलेलं होतं, तेच घेतलं. फॅन दोनदा लागून बंद होईपर्यंत गाडी चालू ठेवली. सकाळी बाटलीतली पातळी बोटभर उतरली होती, ती मॅक्सपर्यंत भरली.

त्यानंतर तीनदा घाट चढलो. काटा मध्यावरच.