वाचनयादी दुसऱ्या साइटवर नेताना मराठी नावं बिघडतात? माझा अनुभव

लक्षण असं: वाचलेल्या पुस्तकांची सीएसव्ही फाइल (कॉमाने रकाने वेगळे केलेली साधी मजकूर फाइल) एका साइटवरून उतरवली, स्प्रेडशीटमध्ये उघडली, तर मराठी नावांच्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेले रोमन ‘ए’ आणि चिन्हांची रांग. आयएसबीएनच्या, म्हणजे पुस्तकाच्या तेरा आकडी ओळख क्रमांकाच्या रकान्यात पूर्ण आकड्याऐवजी ९.७८८१७ई+१२ असं संक्षिप्त रूप. नव्या साइटला एकही मराठी पुस्तक ओळखता येईना.

फॉन्ट बदलून, ब्राउझर बदलून पाहिलं. फरक शून्य. वर्षानुवर्षांची नोंद डोळ्यांदेखत निरर्थक झालेली बघून फार चिडचिड झाली.

शेवटी लिब्रेऑफिस कॅल्क या मोफत स्प्रेडशीट प्रोग्रॅमने काम झालं. क्रम असाच ठेवा. आधी फाइल नव्याने उतरवा. बिघडलेली सेव्ह केली असेल तर आयएसबीएनचे शेवटचे आकडे गेलेले असतात, ते परत येत नाहीत. कॅल्कमध्ये फाइल उघडली की चौकट येते. कॅरॅक्टर सेट युनिकोड (यूटीएफ-८), सेपरेटर फक्त कॉमा. मग त्याच चौकटीत खाली दिसणाऱ्या नमुन्यात आयएसबीएनच्या रकान्यावर क्लिक करून कॉलम टाइप ‘टेक्स्ट’ करा. ही पायरी चुकवू नका, सगळी मेख इथेच आहे. ओके. भारतीय पुस्तकांचे आकडे ९७८८१ किंवा ९७८९३ने सुरू होऊन पूर्ण तेरा दिसले पाहिजेत. सेव्ह करताना सीएसव्हीच ठेवा, मग नव्या साइटवर चढवा.

ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयातून आणून वाचलेली जुनी पुस्तकं मात्र राहिलीच, कारण त्यांवर आयएसबीएन नसतो. ती नाव, लेखक, प्रकाशक टाकून हातानेच भरली.