जुना ॲनालॉग सिंथ (सिंथेसायझर) घरी दुरुस्त करताय? आधी या चुका टाळा

मुंबईत अजूनही कुणाच्या माळ्यावरून, ऑर्केस्ट्रात वाजवलेल्या एखाद्या काकांच्या पलंगाखालून नाहीतर चोर बाजारातल्या एखाद्या दुकानातून सत्तर-ऐंशीच्या दशकातला रोलँड, कॉर्ग किंवा यामाहा बाहेर निघतो. या शहराच्या संगीतात या वाद्यांचा मोठा वाटा आहे. वादक केर्सी लॉर्ड यांनी मिनीमूग हा सिंथ हिंदी चित्रपटसंगीतात आणला. 1982 साली चरणजित सिंग यांनी रोलँडचा ज्युपिटर-8 सिंथ, टीबी-303 हे बेसचं यंत्र आणि टीआर-808 हे तालाचं यंत्र घेऊन राग वाजवले. त्या पिढीतला एखादा नग हाती लागला, तर तो वाचवायलाच हवा. माझं ठाम मत आहे की असे सिंथ वर्षानुवर्षं पडून राहिल्यामुळे जेवढे जात नाहीत, त्याहून जास्त नव्या मालकाने पहिल्या तासात केलेल्या घाईने जातात. आधी मोजा, मग ऐका, आणि स्क्रूड्रायव्हर सगळ्यात शेवटी हातात घ्या.

मागची पट्टी न वाचता प्लग लावणे

ही चूक सगळ्यात महागात पडते. आपल्याकडे वीज 230 व्होल्टची, जपानमध्ये 100 आणि अमेरिकेत 120. त्या काळात ही वाद्यं कुणी आखातातून आणली, कुणी सिंगापूरहून, कुणी जहाजावर नोकरीला असलेल्या भावाकडून मागवली. त्यामुळे आपल्या हातातला नग कोणत्या देशासाठी बनला, हे ब्रँडवरून कळत नाही. प्लगवरूनही नाही, कारण प्लग मधल्या काळात कुणीतरी बदललेला असतो. पाठीमागच्या पट्टीवर व्होल्टेज आणि वॅट छापलेले असतात, तोच आकडा खरा.

पट्टीवर 100 व्होल्ट असेल तर बाजारात सहज मिळणारा 110 व्होल्टचा स्टेपडाउन (व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर) आणून मोकळं होऊ नका. सिंथ चालतो, पण जास्तीचे दहा टक्के आतल्या रेग्युलेटरला (व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या भागाला) उष्णता करून टाकावे लागतात, आणि मुंबईच्या मे महिन्यात ही उष्णता अंगावर येते. नेमका 100 व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर गुंडाळून घेता येतो. पट्टीवरचे वॅट सांगा आणि त्याच्या दुपटीची क्षमता मागा. इस्त्री किंवा हेअर ड्रायरसाठी मिळणारे हलके कन्व्हर्टर सिंथला लावायचे नाहीत.

काही मॉडेलांच्या मूळ ट्रान्सफॉर्मरवरच 220-240 व्होल्टची जास्तीची टोकं असतात. सर्व्हिस मॅन्युअलमध्ये ती दाखवलेली असतात. तिथे जोड बदलला तर फ्यूजही बदलायचा, कारण 230 व्होल्टवर करंट निम्म्याहून कमी होतो आणि जुना फ्यूज वेळेवर उडणार नाही. फ्यूजहोल्डर उघडून आत काय आहे तेही बघा. फ्यूजच्या जागी तांब्याची तार वळून बसवलेले नग सर्रास सापडतात.

पहिल्यांदा वीज देताना सिरीज बोर्ड वापरा. प्रत्येक जुन्या इलेक्ट्रिशियनकडे तो असतो. ट्रान्सफॉर्मरच्या 230 व्होल्टच्या बाजूला 60 वॅटचा साधा, तारेचा बल्ब सिरीजमध्ये जोडायचा. एलईडी चालत नाही. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर पुढे जायला हरकत नाही. लख्ख पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद करा. आणि हे लक्षात असू द्या: सिंथचा स्विच बंद असला तरी प्लग लावलेला असेल, तर स्विचच्या आणि फ्यूजच्या टोकांवर 230 व्होल्ट जिवंत असतात. झाकण उघडण्याआधी प्लग काढलेलाच हवा.

गुणगुण ऐकली की सगळे कपॅसिटर बदलणे

गुणगुण कोणती, ते आधी कानाने ओळखा. वाजवणाऱ्या माणसाला हे सोपं आहे. आपली वीज 50 हर्ट्झची. बहुतेक सिंथमध्ये असतो तसा फुल-वेव्ह रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा भाग) असेल, तर थकलेल्या, डीसी सपाट करणाऱ्या फिल्टर कपॅसिटरमधून येणारी गुणगुण 100 हर्ट्झची असते, म्हणजे खालच्या जी (G) या स्वराच्या किंचित वर. अर्थिंगच्या घोळातून येणारी मुख्यतः 50 हर्ट्झची, बरोबर एक सप्तक खाली. तो जी दुसऱ्या एखाद्या वाद्यावर धरून ठेवा आणि ताडून बघा.

खालची गुणगुण असेल तर सिंथ उघडायचं कारणच नाही. लॅपटॉपचा चार्जर काढून बघा, सिंथ आणि ॲम्प एकाच बोर्डवर लावून बघा. जुन्या चाळींत आणि पागडीच्या इमारतींत तिसऱ्या पिनेला बऱ्याचदा अर्थिंग नसतंच. ते वायरमनकडून तपासून घ्या. गुणगुण जावी म्हणून अर्थची पिन तोडण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, धातूच्या बॉडीचं वाद्य आहे.

वरची गुणगुण असेल तर मल्टिमीटर घ्या. या सिंथमध्ये साधारणपणे अधिक 15, उणे 15 आणि 5 व्होल्टच्या लाइनी असतात. डीसीवर आकडा बरोबर आहे का पाहा, मग मीटर एसीवर टाकून त्याच लाइनीवर किती रिपल, म्हणजे डीसीत उरलेली एसीची लहर, आहे ते पाहा. काही मिलिव्होल्ट असतील तर पॉवर सप्लाय ठणठणीत आहे. दहा-वीसच्या वर गेले तर पॉवर सप्लायचे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बदला, 105 अंशांचे आणि मूळच्याइतक्या किंवा थोड्या जास्त व्होल्टेजचे. मग पुन्हा मोजा. नव्वद कपॅसिटरांचं किट मागवून एका रविवारी सगळे उपटण्यात काही शहाणपण नाही. जुन्या बोर्डांवरची तांब्याची पट्टी जास्त तापली की सुटते, आणि दर शंभर जोडांत दोन-चार तरी बिघडतात. मग मूळ बिघाड कुठला आणि आपण केलेला कुठला, हेच कळेनासं होतं.

बॅटरीकडे दुर्लक्ष

मेमरी असलेल्या बहुतेक जुन्या सिंथमध्ये एक बॅटरी असते. उदाहरणार्थ, कॉर्ग पॉलिसिक्स 1981 चा. त्याच्या केएलएम-367 बोर्डवर निकेल-कॅडमियमची बॅटरी सोल्डर केलेली आहे. ती गळते, आणि गळलेला अल्कली तांब्याच्या रेषा खात जातो. लक्षणं विचित्र असतात: सूर आपोआप वाजतात, कीबोर्डच्या काही पट्ट्या मुक्या होतात, आवाज साठवले जात नाहीत. लोक कीबोर्ड साफ करत बसतात आणि दोष बॅटरीखालच्या हिरवट बुरशीसारख्या थरात असतो.

विकत घेण्याआधी झाकण उघडून दाखवायला सांगा. गळती दिसली तर बॅटरी काढा, पांढऱ्या व्हिनेगरने हलक्या ब्रशने पुसा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोनदा धुऊन पूर्ण वाळू द्या. तुटलेली प्रत्येक रेष मीटरने तपासून बारीक तारेने जोडा. नवीन म्हणून साधा लिथियम सेल लावायचा असेल तर चार्जिंगचा मार्ग डायोडने (करंट एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या भागाने) अडवलाच पाहिजे. रिचार्ज न होणाऱ्या लिथियम सेलमध्ये करंट ढकलला तर तो फुटू शकतो.

रोलँडच्या ज्युनो-106 मध्ये मुळातच लिथियम सेल आहे, तिथे ही भानगड नाही. फक्त तो काढण्याआधी आतले 128 आवाज मिडीने (वाद्य संगणकाला जोडायच्या केबलने) किंवा टेपच्या जॅकमधून उतरवून ठेवा. एखाद्या वादकाने चाळीस वर्षांपूर्वी बनवलेले आवाज त्यात असू शकतात, ते पुन्हा मिळायचे नाहीत.

खरखरीवर हाताला येईल तो स्प्रे

स्लायडर खरखरला की घरातला गंज काढायचा स्प्रे मारला जातो. दोन दिवस बरं वाटतं. मग त्याचा तेलकट थर धूळ धरतो आणि स्लायडर जाम होतो. कॉन्टॅक्ट क्लीनर म्हणून विकला जाणारा, प्लास्टिकला चालणारा स्प्रे घ्या, आणि स्लायडरसाठी वंगण असलेला. अगदी थोडा मारून स्लायडर वीस-पंचवीस वेळा खालीवर करा. कित्येकदा स्प्रेचीही गरज नसते, नुसतं हलवून खरखर जाते. ॲसिटोन पट्ट्यांच्या किंवा पॅनलच्या जवळपासही नको.

जाता जाता एक: जपानी वाद्यांचे स्क्रू जेआयएस या जपानी मापाचे असतात. साधा फिलिप्स त्यांचं तोंड खातो.

एक आवाज गेला की चिप मेली असं धरणे

ज्युनो-106 बद्दल हे जरा सविस्तर सांगतो, कारण 1984 चा हा सिंथ आजही सर्वाधिक हवा असतो आणि सर्वाधिक चुकीचा दुरुस्त होतो. त्याला सहा व्हॉइस, म्हणजे एकेक सूर वाजवणारे सहा स्वतंत्र मार्ग. प्रत्येक व्हॉइसचा फिल्टर आणि आवाजाची पातळी 80017ए नावाच्या चिपमध्ये असते. चिपवरचा काळा रेझिनचा लेप जुना झाला की त्यातून वीज झिरपू लागते. मग दर सहावा सूर गायब होतो, कडकडतो, किंवा पट्टी सोडली तरी वाजत राहतो.

ट्रान्सपोजचं बटण दाबून धरून सिंथ चालू करा. तो टेस्ट मोडमध्ये जातो आणि पट्टी दाबली की कोणता व्हॉइस वाजतोय त्याचा आकडा दिसतो. एक ते सहा नीट ऐका, कागदावर लिहा. मग सॉ आणि पल्स या दोन्ही लहरी बंद, सब (खालच्या सप्तकाचा सूर) आणि नॉइझ शून्यावर, आणि फिल्टरचा रेझोनन्स पूर्ण वर. आता फिल्टर स्वतःच शिट्टीसारखा वाजायला हवा. संशयित व्हॉइसवर शिट्टी स्वच्छ आली तर 80017ए शाबूत आहे आणि दोष लहर बनवणाऱ्या भागात आहे. ते काम एमसी5534ए ही चिप करते, आणि एक चिप दोन व्हॉइस सांभाळते. म्हणून दोन व्हॉइसची तक्रार एकसारखी असेल तर तिकडे बघा. शिट्टीच नाही, किंवा कडकडत आली, तरच 80017ए काढायचा विचार करा. ॲसिटोनमध्ये भिजवून लेप काढतात, पण आतले भाग नाजूक असतात आणि भिजवलेली प्रत्येक चिप वाचत नाही. पैसे जमत असतील तर नव्याने बनवलेली पर्यायी चिप घ्यावी, असं मी सांगेन.

कोरस (आवाज रुंद करणारा परिणाम) लावला की येणारी सळसळ मात्र बिघाड नव्हे. त्यातल्या एमएन3009 चिपांचा तो स्वभाव आहे.

इतर सिंथच्या जुन्या चिपांबाबतही घाबरायचं कारण नाही. सूर निर्माण करणाऱ्या सीईएम3340 या चिपचं उत्पादन मूळ कंपनीने 2016 मध्ये पुन्हा सुरू केलं, आणि लॅटव्हियाची एएस3340 त्याच जागी बसते. घासून नवं नाव छापलेल्या स्वस्त चिपांपासून तेवढं सांभाळा.

थंड सिंथ सुरात लावणे

ऑसिलेटरचा, म्हणजे सूर निर्माण करणाऱ्या भागाचा, सूर ट्रान्झिस्टरच्या तापमानावर हलतो. मिनीमूग किंवा कॉर्गचा मोनो/पॉली चालू करून लगेच सुरात लावला तर पंधरा मिनिटांत चढतो किंवा उतरतो. अर्धा तास चालू राहू द्या, एसीचा झोत आणि पंखा थेट वर नको. आतले ट्रिमर (माप जुळवायचे बारीक स्क्रू) तर आधी हातातच धरू नका. पॉवर सप्लायचं व्होल्टेज बरोबर आहे का ते पाहा, कारण सगळं माप त्यावर उभं आहे. त्यानंतरही फिरवायचा असेल तर मूळ जागी मार्करने रेघ मारा, फोटो घ्या, आणि एका वेळी एकच फिरवा.

घरी पेटीसोबत वाजवणाऱ्यांना आणखी एक अडचण येते. जुन्या पेट्या बरोबर 440 हर्ट्झच्या मापावर असतीलच असं नाही. गायकाची काळी एक आणि सिंथचा सी शार्प जुळत नसेल तर समोरच्या ट्यूनच्या बटणाने जुळवा. ते त्यासाठीच आहे. पेटी आणि सिंथ दोन्ही बिघडलेले नाहीत.

नवा सिक्वेन्सर (सूर आपोआप वाजवणारं यंत्र) जोडून कॉर्गचा एमएस-20 बेसूर वाजला, तरी तो बिघडलाय असं समजू नका. बहुतेक यंत्रं दर सप्तकाला एक व्होल्ट या हिशेबाने चालतात, एमएस-20 हर्ट्झ-व्होल्टवर. त्याचा ट्रिगरही, म्हणजे सूर सुरू करणारा इशारा, उलटा. मध्ये बदलून देणारी डबी लागते.

पावसाळ्याची काळजी चुकीच्या रीतीने घेणे

जून आला की सिंथ प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून ठेवला जातो. आत अडकलेला ओलावा तसाच राहतो आणि आयसीचे पाय, सॉकेट, पट्ट्यांखालच्या स्प्रिंगा गंजतात. दादर, माहीम, वरळीच्या किनाऱ्याजवळ खारी हवा त्यात भर घालते. सुती चादर टाका, सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, आणि आठवड्यातून एकदा तासभर चालू करून वाजवा. आतली ऊब ओल घालवते आणि स्लायडरही मोकळे राहतात. भिंतीला टेकवून ठेवू नका, ओल भिंतीतून येते.

झुरळांसाठी डांबराच्या गोळ्या आत टाकू नका. त्यांची वाफ काही प्लास्टिक मऊ करते आणि ऑसिलेटरमधले पॉलिस्टायरीन कपॅसिटर त्याच जातीचे असतात. पाऊस संपल्यावर पापडांसारखी वाद्यालाही उन्हं दाखवायची पद्धत काही घरांत आहे. पट्ट्या पिवळ्या पडतात आणि वाकतात, तेव्हा तेही नको.

दुरुस्तीला देताना नुसतं 'बघा जरा' म्हणणे

मेनच्या (230 व्होल्टच्या) बाजूचं काम, सुटलेल्या रेषा आणि जुन्या चिपा काढणं हाताला सवय नसेल तर जाणकाराकडे द्या. लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग मिळतील, पण टीव्ही-ॲम्प दुरुस्त करणाऱ्या प्रत्येकाने सिंथ पाहिलेला नसतो. सर्व्हिस मॅन्युअलची प्रत सोबत द्या. कोणत्या व्हॉइसला काय होतं, थंड असताना होतं की तापल्यावर, कोणत्या लाइनीवर किती व्होल्ट मिळाले, हे लिहून द्या. दुरुस्ती करणाऱ्या दादांना विचारा की आधी काय मोजणार. 'सगळे कंडेन्सर (म्हणजे कपॅसिटर) बदलून टाकतो' हे पहिलंच उत्तर आलं तर वाद्य उचलून परत आणा. आणि काढलेले जुने भाग, जळालेले असले तरी, पिशवीत घालून परत मागा. त्यांच्यावरचे नंबर पुढच्या दुरुस्तीला लागतात.